चार वर्षांची टीम की दोन वर्षांचा मजला: मेरीलँडच्या ऑनर्स कॉलेजमधला एक निर्णय

हे प्रकरण कुठल्या एका घराचं नाही. वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरातल्या मराठी घरांमध्ये बारावीच्या हिवाळ्यात जो पेच उभा राहतो, तो इथे एका नमुन्याच्या विद्यार्थिनीवर बसवून मांडला आहे. विद्यापीठाचे तपशील खरे आहेत, मुलीचे गुण आणि क्रेडिट नमुन्याचे.

मुलगी मेरीलँडमधल्या जर्मनटाउनची. १ नोव्हेंबरच्या अर्ली अॅक्शन मुदतीत तिने कॉलेज पार्कच्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडचा अर्ज भरला. हिवाळ्यात निकाल आला: कॉम्प्युटर सायन्समध्ये थेट प्रवेश, सोबत ऑनर्स कॉलेजचं निमंत्रण. घरात पेढे वाटून झाले आणि मग दुसरं पान वाचलं गेलं. ऑनर्स कॉलेज म्हणजे एकच अभ्यासक्रम नसून एका छत्राखाली बरेच स्वतंत्र कार्यक्रम आहेत, आणि त्यातून पसंतीक्रम द्यायचा आहे. प्रत्येक कार्यक्रमाचे स्वतःचे कोर्स, स्वतःचे शिक्षक आणि स्वतःचं वसतिगृह. पहिल्या वर्षी त्या कार्यक्रमाची मुलं एकत्र राहतात, म्हणून याला तिकडे 'लिव्हिंग-लर्निंग प्रोग्रॅम' म्हणतात.

ही बातमी पुण्याला आजोबांना कळवली तेव्हा पहिला गोंधळ झाला. भारतात नव्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांची साधी पदवी आणि चार वर्षांची 'ऑनर्स' पदवी अशी रचना आली आहे, त्यामुळे आजोबांना वाटलं की नात एक वर्ष जास्त शिकणार. मेरीलँडमधला ऑनर्स वेगळा. पदवी तीच, १२० क्रेडिटची, कॉम्प्युटर सायन्सचे कोर्सही तेच. त्यावर कार्यक्रमाचे ठरावीक क्रेडिट पुरे केले आणि ग्रेड पॉइंट टिकवले तर ट्रान्स्क्रिप्टवर ऑनर्स सायटेशनची नोंद होते. शुल्कात सवलत मिळेल ही समजूतही चुकीची. बॅनेकर-कीसारख्या शिष्यवृत्त्या वेगळ्या, त्यांची निवडही वेगळी.

घरात पहिल्या आठवड्यात जी यादी तयार झाली ती नावाच्या वजनावर. बाबांच्या मते एसीईएस ('अॅडव्हान्स्ड सायबरसिक्युरिटी एक्सपीरियन्स फॉर स्टुडंट्स') पहिला, कारण त्यात 'सायबर सिक्युरिटी' आहे आणि फोर्ट मीडचा लष्करी तळ, तिथली एनएसए ही गुप्तचर संस्था, संरक्षण खात्यासाठी काम करणाऱ्या कंपन्या सगळं तासाभराच्या अंतरात. आईच्या मते युनिव्हर्सिटी ऑनर्स, कारण तो १९६६ पासून चालू असलेला सगळ्यांत जुना कार्यक्रम आणि त्यात कुठल्याही विषयाची मुलं भेटतात. मुलीला जेमस्टोन हा टीमने संशोधन करायचा कार्यक्रम हवा होता, पण का हवा ते तिला नीट सांगता येत नव्हतं. शाळेतल्या एका सीनियरने फार कौतुक केलं होतं एवढंच. तिन्ही मतांमध्ये एक गोष्ट सारखीच होती: कार्यक्रमाचा आठवडा कसा असतो, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

जेमस्टोन १९९६ साली सुरू झाला. विल्यम डेस्टलर तेव्हा अभियांत्रिकीचे डीन होते, कल्पना त्यांची. कार्यक्रम चार वर्षांचा आहे आणि त्याचा कणा एकच: एक टीम, एक प्रश्न, एक प्रबंध. पहिल्या वर्षी ओळखीचे कोर्स. वसंत सत्रात विषय सुचवायचे, त्यातले तगणारे निवडायचे, आणि वर्ष संपता संपता दहा-बारा जणांच्या टीम पडतात. प्रत्येक टीमला एक प्राध्यापक मार्गदर्शक आणि एक ग्रंथपाल मिळतो. दुसऱ्या वर्षी आधीचं संशोधन वाचणं, पद्धत ठरवणं, प्रस्ताव लिहिणं. माणसांवर अभ्यास असेल तर नैतिक परवानगीची समिती, म्हणजे आयआरबी, इथेच येते. तिसऱ्या वर्षी डेटा. चौथ्या वर्षी लेखन, आणि शेवटी बाहेरच्या तज्ज्ञांसमोर सगळ्या टीमने मिळून प्रबंधाचं समर्थन. हे प्रबंध विद्यापीठाच्या 'ड्रम' या डिजिटल भांडारात कुणालाही वाचता येतात. कार्यक्रम निवडण्याआधी त्यातले दोन-तीन उघडून पाहावेत. शीर्षकाखाली दहा-बारा नावं, त्यांचे विषय भिन्न, आणि मर्यादांच्या प्रकरणात काय फसलं त्याची प्रामाणिक कबुली. माहितीपत्रकातून जे कळत नाही ते या प्रकरणातून कळतं.

काय फसतं, हे ठरलेलं आहे. विषय फार मोठा घेतला जातो. 'शहरी प्रदूषण' असा. दुसऱ्या वर्षाचा निम्मा वेळ तो बारीक करण्यात जातो. आयआरबीचा अर्ज उशिरा गेला की प्रश्नावली वाटायला मुलं सुट्टीवर गेलेली सापडतात. तिसऱ्या वर्षी काही जण सोडतात, कुणाला विषय बदलायचा असतो, कुणाला परदेशी सत्र हवं असतं, आणि बारा जणांचं काम आठ जणांवर येतं. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक नेमकी अडचण: टीममध्ये कोड लिहिता येणारे एक-दोनच असले की सगळं कोडिंग त्यांच्या गळ्यात पडतं, प्रश्न ठरवण्यात त्यांचा आवाज उरत नाही. यावर उपाय टीम पडतानाच करायचा असतो. आपण 'कोड करणारी' म्हणून जात आहोत की प्रश्न विचारणारी म्हणून, हे पहिल्या बैठकीत बोलून घ्यायचं.

एसीईएस दोन वर्षांचा निवासी कार्यक्रम आहे, आणि पुढे हवं असेल तर त्यातूनच मायनर, म्हणजे जोडविषय, करता येतो. नॉर्थरप ग्रमन या संरक्षण कंपनीच्या देणगीतून तो २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचा गाजलेला भाग म्हणजे हनीपॉटचा प्रकल्प. हनीपॉट म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला संगणक, चोराला बोलवायला दार लोटून ठेवल्यासारखा. मुलं गटाने तो उभा करतात, इंटरनेटवर सोडतात आणि नोंदी वाचतात. अशी यंत्रं इंटरनेटवर आली की थोड्याच वेळात जगभरातून स्वयंचलित प्रयत्न सुरू होतात: 'रूट', 'अॅडमिन', '१२३४५६', पुन्हा 'रूट'. आत शिरलेला पहिली आज्ञा कोणती देतो, कुठली फाइल उतरवायचा प्रयत्न करतो, किती वेळ थांबतो, हे सगळं नोंदीत दिसतं. मग गटाने आधीच एक प्रश्न ठरवलेला असतो, उदाहरणार्थ इशाऱ्याची पाटी लावली तर घुसखोर लवकर निघून जातो का, आणि त्याचं उत्तर आकड्यांत काढायचं. नुकत्याच कॉलेजात आलेल्या मुलांसाठी संशोधनाची याहून चांगली सुरुवात सापडणं कठीण. इथे नेहमी चुकणारी बाब म्हणजे प्रश्न आधी न ठरवता नोंदी गोळा करणं. लाखभर ओळी हातात आणि त्यांची तुलना कशाशी करायची तेच माहीत नाही.

युनिव्हर्सिटी ऑनर्समध्ये विषयांचे गट असतात, त्यांना थीमॅटिक क्लस्टर म्हणतात. छोट्या वर्गात चर्चा, वाचन, लेखन. ज्याला अजून दिशा ठरवायची आहे त्याच्यासाठी हा उत्तम. निवड यादीत नसलेला एक पर्यायही इथे नोंदवायला हवा: कॉलेज पार्क स्कॉलर्स. तो ऑनर्स कॉलेजचा भाग नाही, १९९४ पासून आहे, दोन वर्षांचा आणि निवासीच आहे. 'सायन्स, टेक्नॉलॉजी अँड सोसायटी'सारखे त्याचे विभाग केंब्रिज कम्युनिटीच्या इमारतींत राहतात. ज्यांना ऑनर्सऐवजी स्कॉलर्सचं निमंत्रण येतं त्या घरांत ते पडेल चेहऱ्याने वाचलं जातं. त्याची गरज नसते. राहून शिकण्याचा अनुभव तिथे तितकाच घट्ट आहे.

आता कागद. या निर्णयात सगळ्यांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे आठ उभ्या रकान्यांचा एक मोठा कागद, दर सेमिस्टरला एक. वरच्या ओळीत मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, कोर्स, मधल्या ओळीत ऑनर्सचे, खालच्या ओळीत रात्री कुठे झोपणार: वसतिगृह, अपार्टमेंट, घर, परदेश. चौथी ओळ उन्हाळ्यांची.

वरच्या ओळीत कॉम्प्युटर सायन्सची साखळी भरली: सीएमएससी १३१, मग १३२, मग २१६ आणि २५०, मग ३३० आणि ३५१, आणि त्यानंतर चारशेच्या पातळीचे कोर्स. प्रत्येक कडी आधीच्या कडीवर टांगलेली, त्यामुळे ही ओळ दाबून छोटी करता येत नाही. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीच्या ज्या परीक्षा देता येतात त्या एपी. त्यातल्या एपी कॉम्प्युटर सायन्स ए मधल्या चांगल्या गुणांनी १३१ सुटू शकतो, म्हणजे साखळीतला एक सेमिस्टर वाचतो.

मग एपीचं गणित. तिच्याकडे ३४ क्रेडिट येणार होते. १२० मधून ३४ गेले, राहिले ८६. आठ सेमिस्टरमध्ये वाटले तर दर सेमिस्टरला ११ सुद्धा होत नाहीत, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला किमान १२ घ्यावेच लागतात. म्हणजे आठ सेमिस्टर राहायचं असेल तर जागा भरपूर आहे. पण ८६ ला १५ ने भागलं तर सहा सेमिस्टरांत पदवी जवळजवळ बसते. बाबांच्या डोक्यात हेच होतं: तीन वर्षांत मोकळी. राज्यातल्या विद्यार्थ्याला शिकवणी शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्चच जास्त पडतो, तेव्हा वाचलेलं एक वर्ष ही खरी रक्कम आहे. जेमस्टोन घेतला की तो दरवाजा बंद, कारण प्रबंध आठव्या सेमिस्टरमध्ये उभा राहतो. हा खर्च कुठल्याच पत्रकात लिहिलेला नसतो आणि जास्त एपी असलेल्या मुलांनाच तो लागू होतो.

एपीचा दुसरा परिणाम उलट बाजूचा. ऑनर्सचे सेमिनार बहुतेक वेळा सामान्य शिक्षणाच्या गरजाही भागवतात. मेरीलँडच्या या 'जेन एड' गरजा किमान ४० क्रेडिटच्या आहेत, आणि ज्याच्याकडे एपी नाहीत त्याला ऑनर्सचे कोर्स जवळपास फुकटात पडतात. तिचं गणित, लेखन, विज्ञान, इतिहास एपीने आधीच भागलेलं. तेव्हा तिचे सेमिनार 'वरचे' ठरणार होते. अपवाद मोठ्या प्रश्नांवरच्या 'बिग क्वेश्चन' (पूर्वीचं नाव आय-सीरिज) कोर्सचा आणि पुढच्या टप्प्यावर घ्यायच्या प्रोफेशनल रायटिंगचा. हे एपीने सुटत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाचा कोर्स कुठल्या गरजेत मोजला जातो हे टेस्टुडो या वेळापत्रकाच्या संकेतस्थळावर कोर्सच्या नावाखालीच लिहिलेलं असतं. तासाभरात तपासून होतं. युनिव्हर्सिटी ऑनर्सचं पारडं इथे हलकं झालं: त्याचा जो मोठा व्यावहारिक फायदा, तो तिच्या वाट्याला निम्माच येत होता.

खालची ओळ राहण्याची. जेमस्टोनची पहिल्या वर्षाची मुलं एलिकॉट हॉलमध्ये राहतात: उत्तर कॅम्पसवरची उंच, जुन्या धाटणीची इमारत, दोघांची खोली, मजल्यावर सामाईक बाथरूम. एसीईएसचं घर प्रिन्स फ्रेडरिक हॉल, २०१४ मध्ये उघडलेली दक्षिण कॅम्पसवरची इमारत, जिथे बाथरूम थोड्या जणांत वाटलेलं असतं. युनिव्हर्सिटी ऑनर्सची मुलं हेरिटेज कम्युनिटीत, प्योन-चेन आणि जॉन्सन-व्हिटल या नव्या इमारतींत. या इमारतींना विद्यापीठातल्या पहिल्या आशियाई आणि पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची नावं दिली आहेत, हे तिथे राहायला जाणाऱ्या प्रत्येक स्थलांतरित घरातल्या मुलाला माहीत असावं. बाजूलाच याहेंतामित्सी हे २०२२ मधलं भोजनगृह. नाव पिस्कटवे भाषेतलं, अर्थ 'जेवायला जायची जागा'.

खोली पाहून कार्यक्रम ठरवणं ही हमखास होणारी चूक. नव्या इमारतीतली गुळगुळीत फरशी एप्रिलच्या भेटीत फार मोठी वाटते, पण तिथे राहायचं एक वर्ष, फार तर दोन. त्याउलट सामाईक बाथरूमचा एक गुण पत्रकात लिहीत नाहीत: दात घासताना रोज तीच दहा माणसं भेटतात. टीम पडण्याआधी कुणाशी जमतं, कुणाशी नाही, हे मुलांना तिथेच कळतं. खोलीत बाथरूम असलेली मुलं दार लावून बसू शकतात, आणि लाजरं मूल नेमकं तेच करतं. ही मुलगी लाजरी होती. आईने हा मुद्दा काढला आणि तो वजनदार ठरला.

घरून ये-जा करण्याचा पर्याय बाबांनी एकदा मांडला. जर्मनटाउन ते कॉलेज पार्क साधारण ४० किलोमीटर, पण वाट आय-२७० आणि बेल्टवे या गर्दीच्या महामार्गांची. रिकाम्या रस्त्याने ४० मिनिटं, सकाळी दीड तासही लागतो. या कार्यक्रमांचं निम्मं काम संध्याकाळी सातनंतर होतं: गटाची बैठक, कुणाच्या खोलीत अडलेलं गणित, लाउंजमधल्या फळ्यावर अर्धवट राहिलेली आकृती. सहाला गाडीत बसणाऱ्या मुलीला कोर्स मिळतो, कार्यक्रम मिळत नाही. घरून ये-जा करायचीच असेल तर निवासी ऑनर्स घेऊ नये, इतकं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

कागद भरल्यावर कॅम्पसची भेट ठरवली. अधिकृत फेरीत पहिल्या वर्षाची उत्साही मुलं भेटतात. त्यांना विचारून फार कळत नाही. शोधायची ती तिसऱ्या वर्षातली मुलं, आणि शक्य असेल तर कार्यक्रम सोडलेलं एक तरी. प्रश्न चारच नेले होते. गेल्या आठवड्यात या कार्यक्रमावर किती तास गेले? तुमच्या टीममध्ये सुरुवातीला किती जण होते, आज किती? मार्गदर्शक शेवटचे कधी भेटले? पुन्हा निवडायचं झालं तर? पहिल्या प्रश्नाला 'ते बदलतं' असं उत्तर आलं तर सोडायचं नाही. मागचा मंगळवार कसा गेला ते विचारायचं. पालकांनी या वेळी कॉफी प्यायला निघून जावं. बाबा समोर बसले की सीनियर मुलं माहितीपत्रकासारखं बोलायला लागतात.

परत येताना गाडीत निर्णयाची दिशा सापडली, ती एका साध्या प्रश्नाने: मेजर जे देणारच आहे, ते पुन्हा ऑनर्समधून कशाला घ्यायचं? कॉम्प्युटर सायन्स विभागात सायबर सिक्युरिटीचं स्पेशलायझेशन आहे. चारशेच्या पातळीवर सुरक्षेचे कोर्स आहेत, सायबर सिक्युरिटी क्लब आहे, आणि त्या कंपन्या भरतीच्या मेळ्याला येतात त्या एसीईएसच्या बाहेरच्या मुलांसाठीही. म्हणजे एसीईएस तिला जे देणार होता त्यातलं बरंच दुसऱ्या दाराने मिळत होतं. समाजशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्या माणसांबरोबर एकाच प्रश्नावर तीन वर्षं घालवणं, ग्रंथपालाच्या मदतीने आधीचं संशोधन शोधणं, प्रस्ताव लिहून पैसे मागणं, तज्ज्ञांसमोर उभं राहून चूक मान्य करणं, हे कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत कुठेच नाही.

हाच निकष तिच्या शाळेतल्या मित्राला लावला तर उत्तर उलटं येतं. त्याला गुन्हेशास्त्रात प्रवेश होता, तो विभाग मेरीलँडमध्ये नावाजलेला. एसीईएसला विषयाची अट नाही. त्याच्या मेजरमध्ये संगणकाला हात लागणारच नाही, तेव्हा हनीपॉटमध्ये घुसणारा कसा वागतो हे शिकणं त्याच्यासाठी सोनं. त्याचा पहिला पसंतीक्रम एसीईएस असायला हवा.

तीन वर्षांत पदवीचा मुद्दा उरला होता. बाबांनी तो सोडला, पण अट घालून: तिसऱ्या-चौथ्या वर्षाला कॅम्पसबाहेर स्वस्त अपार्टमेंट, आणि उन्हाळे कमाईचे. वरच्या वर्गांना कॅम्पसवरच्या खोलीची खात्री तशीही नसते, म्हणून बरीच मुलं बाहेर पडतातच. आठ सेमिस्टरमधल्या मोकळ्या क्रेडिटवर संख्याशास्त्राचा मायनर बसतो का, हे सल्लागाराला विचारायचं ठरलं, कारण टीममध्ये डेटा आल्यावर त्याचा थेट उपयोग. स्पेनमध्ये एक सेमिस्टर घालवायची तिची इच्छा मात्र कागदावर बसली नाही. सहाव्या सेमिस्टरच्या रकान्यात डेटा होता. त्याऐवजी जानेवारीच्या विंटर टर्ममधला तीन आठवड्यांचा परदेशी कोर्स लिहिला. तिच्या मनाला ते लागलं, आणि ते लागणं साहजिक होतं. चार वर्षांच्या कार्यक्रमाची ही खरी किंमत आहे, ती गोड बोलून लपवू नये.

पसंतीक्रम असा गेला: जेमस्टोन, एसीईएस, युनिव्हर्सिटी ऑनर्स. एसीईएस दुसरा, कारण पहिला न मिळाल्यास दोन वर्षांत पुरा होणारा आणि हाताने काम करायला लावणारा कार्यक्रम तिच्या स्वभावाला जवळचा, शिवाय त्यात तीन वर्षांच्या पदवीचा दरवाजाही उघडा राहतो. फॉर्मची मुदत आणि १ मेची प्रवेश निश्चितीची मुदत या दोन वेगळ्या तारखा आहेत. पहिली आधी येते, आणि ती चुकली तर उरलेल्या जागांवर समाधान मानावं लागतं. दोन्ही तारखा आठ रकान्यांच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिल्या.

त्यानंतरची कामं छोटी, पण क्रमाने करायची. रूममेट मागायची असेल तर दोघींचा कार्यक्रम एकच हवा आणि विनंती दोघींनी करायला हवी. एकीने केलेली धरली जात नाही. एपीचे गुण जुलैत येतात, ते विद्यापीठाकडे पोचले आहेत हे ओरिएंटेशनच्या आधी स्वतः तपासायचं, नाहीतर सल्लागार १३१ पुन्हा घ्यायला लावतो आणि साखळी एका सेमिस्टरने मागे सरकते. एलिकॉटसाठी शॉवर कॅडी, म्हणजे आंघोळीचं सामान न्यायची टोपली, आणि रबरी चपला. आणि कागद टाकून द्यायचा नाही. पहिल्या वर्षाच्या वसंतात टीम पडतील तेव्हा सुचवलेल्या प्रत्येक विषयाशेजारी त्यात आपण कोड सोडून काय करणार, हे लिहायला त्याची मागची बाजू कोरी ठेवली आहे.